एका आठवड्याची मोजणी
इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायर परगण्यात ॲडलस्ट्रॉप नावाचे खेडे आहे. १८५३ साली सुरू झालेले तिथले स्टेशन जानेवारी १९६६ मध्ये बंद झाले. का? रेल्वे तोट्यात होती. एप्रिल १९६१ मध्ये ब्रिटनभर एक आठवडा वाहतुकीची मोजणी झाली. अशा आकड्यांच्या आधारे रिचर्ड बीचिंग यांच्या १९६३ च्या अहवालाने दोन हजारांहून अधिक स्टेशने बंद करण्याची शिफारस केली. पण समुद्रकाठच्या स्टेशनांवर गर्दी उसळते ती जुलै-ऑगस्टमध्ये. एप्रिलच्या आठवड्यात ती दिसणार कशी? नमुना केव्हा घेतला, यावरही निष्कर्ष ठरतो. ॲडलस्ट्रॉपवरून गाड्या आजही धावतात, फक्त थांबत नाहीत. स्टेशनची पाटी गावच्या बसथांब्यात लावली आहे. वर्गात विचारून पाहा: शाळेजवळच्या थांब्यावरची गर्दी मोजायची, तर कोणता आठवडा निवडाल?