राधानगरीचे पाणी आणि दुर्गमानवाडचा सडा



कागल आणि कोगनोळी यांच्यामधून वाहणारी दूधगंगा आपण सरहद्दीवरची नदी म्हणून ओळखतो. ती ज्या डोंगरातून येते, त्या राधानगरीच्या मुलखाकडे मात्र आपले पाय क्वचितच वळतात. वळलेच तर गव्यांचे दाजीपूर पाहण्यासाठी! निपाणीहून आदमापूर, मुदाळतिट्टा ओलांडून पश्चिमेकडे निघावे, तो उसाची शेते हळूहळू मागे पडतात, भाताची खाचरे सुरू होतात आणि मातीचा काळा रंग जाऊन तांबडा येतो. माझ्या मते या मुलखाच्या इतिहासाचे पहिले साधन हा रंगच आहे.

राधानगरीचे नाव घेतले की राजर्षी शाहू महाराजांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १८९६-९७ च्या दुष्काळाने महाराजांना पाण्याचा विचार करावयास लावले. १९०२ साली त्यांनी संस्थानाचे पाटबंधारेविषयक धोरण आखले आणि त्याच दशकाच्या अखेरीस भोगावतीवर धरणाचे काम सुरू झाले. तलावास महाराणी लक्ष्मीबाईंचे नाव मिळाले, वसाहतीस कन्या राधाबाई आक्कासाहेबांचे. पैशाअभावी बांधकाम थांबले. ६ मे १९२२ रोजी महाराज निवर्तले तेव्हा भिंत अपुरीच होती. १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले आणि त्यानंतरच्या दशकात ती पूर्णत्वास गेली. पाणी भरताच आपोआप उघडणारे सात दरवाजे पाहण्यास आजही लोक पावसाळ्यात गर्दी करतात. या तलावाचा इतिहास लिहिला गेला आहे. दप्तरे आहेत, हुकूम आहेत, चरित्रे आहेत.

त्याच तालुक्यातील डोंगरमाथ्यावरच्या दुर्गमानवाडचे तसे नाही. विठ्ठलाई देवीचे ठाणे म्हणून हे गाव भाविकांना परिचित आहे. परंतु गेल्या शतकाच्या उत्तरार्धात त्याची दुसरी ओळख निर्माण झाली ती बॉक्साइटच्या खाणीमुळे. मी तेथे गेलो तो भाद्रपदात. धुके उतरत होते, सड्यावर गेंद आणि सीतेची आसवे फुलली होती, आणि त्या निळ्या-पांढऱ्या गालिच्याच्या कडेला जमीन एकाएकी संपून खाली तांबडा खड्डा दिसत होता. त्या कडेशी उभे राहिल्यावर बराच वेळ बोलणे सुचत नाही.

सडा म्हणजे काय, हे येथे सांगणे अगत्याचे आहे. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट लाखो वर्षे धुवांधार पावसात झिजला. त्यातील सिलिका वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले. त्यातून झाला आपला जांभा. फ्रान्सिस बुकानन याने १८०७ मध्ये केरळात पाहिलेल्या या दगडास लॅटेराइट असे नाव दिले. आपल्याकडचे नाव बहुधा जांभळाच्या रंगावरून आले असावे, आणि मला तरी तेच अधिक गोड वाटते. जेथे ॲल्युमिनियमचे प्रमाण फार, तेथे जांभ्याचे बॉक्साइट होते. या शब्दाचा उगम फ्रान्समधील ले बो या डोंगरी गावाच्या नावात आहे. पिएर बेर्तिए याने १८२१ मध्ये ते खनिज तेथे ओळखले. तेथील उत्खनन गेल्या शतकातच थांबले. आज ते गाव प्रवाशांवर जगते. आपल्या देशात सर फॉक्स यांनी १९२३ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी बॉक्साइटवर मोठा ग्रंथ लिहिला, परंतु घाटमाथ्यावर यंत्रे येण्यास आणखी चार दशके जावी लागली.

ती आली बेळगावच्या कारखान्यासाठी. इंडियन ॲल्युमिनियम कंपनीने यमनापूरजवळ कारखाना उभारला, त्याचे काम १९७० च्या सुमारास सुरू झाले. एक टन धातूसाठी ढोबळमानाने चार ते पाच टन बॉक्साइट लागते. म्हणजे भांड्याच्या प्रत्येक तुकड्यामागे त्याच्या कितीतरी पट डोंगर खाली उतरतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले होते. माती एका राज्यातली, भट्टी दुसऱ्या राज्यातली! माणसांना अडविणारी रेषा त्या मालमोटारींना कधी अडवू शकली नाही. पुढे ही कंपनी हिंडाल्कोकडे गेली.

खाणीने गावांना काय दिले? रोजगार दिला, रस्ते दिले. हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. तिने काय घेतले, हे समजण्यास थोडे पाण्याचे ज्ञान हवे. जांभा सच्छिद्र असतो. तो पावसाचे पाणी पोटात धरतो, आणि त्याखालच्या चिकट शेडीवर ते अडले की डोंगराच्या कुशीत झरा फुटतो. जांभ्याचा थर काढला म्हणजे डोंगराचा माठच फुटला. उत्खनन झालेल्या जागी माती पसरून झाडे लावली जातात, ते चांगलेच. पण सडा मुळात वृक्षांचा नव्हे. गेंद आणि आसवे त्या झाडांखाली परतत नाहीत. २०११ मध्ये माधव गाडगीळ यांच्या समितीने पश्चिम घाटाविषयी अहवाल दिला, २०१२ मध्ये राधानगरी अभयारण्याचा जागतिक वारशात समावेश झाला. या दोन्ही गोष्टींवर वाद झाले, आणि वाद घालणाऱ्यांत डोंगरावरचा माणूस सर्वांत कमी बोलला.

दूधगंगेवरील काळम्मावाडीचे धरण सुमारे २५ टीएमसीचे. त्यातील ४ टीएमसी पाणी करारानुसार कर्नाटकाचे, म्हणजे आपल्या बाजूचे. तेव्हा सड्याच्या झऱ्यांचा प्रश्न हा केवळ दुर्गमानवाडचा नाही.

तलावाचा इतिहास राजवाड्याने जपला. खाणीचा इतिहास कोणी जपावयाचा? खाणीत राबलेल्यांच्या, मालमोटारी हाकणाऱ्यांच्या, कारखान्यात तीस-तीस वर्षे पाळ्या केलेल्यांच्या आठवणी अजून घराघरांत आहेत. या सभागृहात बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाच्या घरी वडिलांची वेतनचिठ्ठी, हजेरीचे कार्ड, खाणीवर काढलेले एखादे छायाचित्र असेल, तर ते रद्दीत जाऊ देऊ नये. शाळेच्या ग्रंथालयात एक कपाट त्यासाठी रिकामे करावे, अशी माझी मुख्याध्यापकांना विनंती आहे.