मल्लखांबाचे लाकूड

मल्लखांबाची गोष्ट निघाली म्हणजे खांबावर सरसर चढणाऱ्या मुलाच्या चपळाईचे कौतुक होते, त्याच्या गुरूचेही होते. परंतु ज्या लाकडाशी तो झोंबतो त्याच्याकडे क्वचितच कोणाची दृष्टी वळते. जमिनीत पुरलेला एक ओंडका, इतकीच बहुतेकांची कल्पना असते. वास्तविक या ओंडक्याला अंग आहे, मान आहे आणि माथ्यावर बोंड आहे. आणि हे अवयव त्याला एकाएकी फुटलेले नाहीत.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात मल्लांच्या मेहनतीचे प्रकार सांगितले आहेत. त्यांत भार उचलण्याचे श्रम आहेत, पाण्यात पोहण्याचे आहेत, आणि खांबाशी करावयाचा स्तंभश्रमही आहे. यावरून खांबाशी झटून अंग कमावण्याची कल्पना निदान आठशे वर्षांची जुनी ठरते. मात्र तो खांब म्हणजे आजचाच मल्लखांब, असे म्हणणे धाडसाचे होईल.

या विद्येचे पुनरुज्जीवन दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी केले. परंपरा अशी सांगते की, निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन पहिलवान पुण्यास आले व त्यांनी दरबारात आव्हान दिले. तरुण बाळंभटांनी विडा उचलला, मुदत मागून घेतली आणि वणीच्या सप्तशृंगीच्या डोंगरावर अनुष्ठान मांडले. तेथे झाडावर खेळणाऱ्या वानराच्या उड्या व पकडी पाहून त्यांना खांबाची युक्ती सुचली. पुढे गुलाब चीत झाला आणि अली लढलाच नाही. दृष्टांताचा भाग ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडावा. तथापि या कथेत एक व्यवहाराची गोष्ट दडलेली आहे. दरबाराची अब्रू पणाला लागली होती, हाती दिवस मोजके होते आणि तालमीला त्या तोडीचा जोडीदार नव्हता. जिवंत जोडीदार थकतो, चुकतो, दुखावतो. लाकडाचे तसे नाही. प्रतिस्पर्ध्याच्या जागी लाकूड उभे करावयाचे, हीच मूळ कल्पना होय.

हे ध्यानात घेतले म्हणजे खांबाची घडण उलगडते. तो सागाचा किंवा शिसवीचा असतो. जमिनीवर सुमारे आठ-साडेआठ फूट उभा राहतो. बुंध्याशी जाड असून वर निमुळता होत जातो. बुंध्याचा घेर दीड फुटाहून थोडा अधिक. त्याहून जाड असेल तर लहान मुलाच्या मांडीची पकड बसत नाही, आणि फार बारीक असेल तर पायांची अढी सैल पडून डोके खाली असताना अंग घसरते. वरती जाड अंग संपून एकदम बारीक मान लागते, तिच्यावर बोंड. मानेस हाताचा विळखा पडतो, बोंडावर तोल सांभाळून उभे राहता येते. कुस्तीत प्रतिपक्ष्याची मान धरावयाची, म्हणून खांबासही मान! ती प्रथम कोणत्या सुताराने कोरली, हे कोणी लिहून ठेवले नाही. पहिलवानांची नावे बखरी सांगतात, सुतारांची सांगत नाहीत.

लाकूड तयार झाले म्हणजे काम संपले असेही नाही. खांबास एरंडेल चोळावे लागते. तेल न लावल्यास मांड्या सोलून निघतात. अधिक झाल्यास पकड सुटते. किती चोळावे याचे माप कोणत्याही पुस्तकात नाही, ते उस्तादाच्या तळहातास ठाऊक. वैशाखात अकोल्याचा पारा ४५ अंशांवर चढतो, तेव्हा कच्चे लाकूड तडकण्यास वेळ लागत नाही. म्हणून लाकूड जुने, मुरलेले हवे. वऱ्हाडास या बाबतीत दैव अनुकूल आहे. मेळघाटाचा साग घरचा, आणि अकोल्याच्या बाजारात कापूस घरचा. कारण पूर्वी वेतावर होणाऱ्या कसरती, चांगला वेत दुर्मिळ झाल्यावर, सुती दोरावर होऊ लागल्या. वेत ताठ असतो, दोर अंगाभोवती वळतो. साधन बदलले तशा पकडीही बदलल्या. टांगता मल्लखांब त्याहून अवघड. साखळीला लटकलेला आखूड खांब हात लागताच फिरतो व झोके घेतो, त्यामुळे उभ्या खांबावर पक्की वाटणारी उडी येथे फसते.

खेळाडू आणि लाकूड यांची अशीच खटपट परदेशातही घडली आहे. अमेरिकेत मिसिसिपी नदी रुंद होऊन बनलेल्या पेपिन सरोवरात १९२२ साली राल्फ सॅम्युएल्सन या अठरा वर्षांच्या मुलाने नौकेमागे दोर धरून पाण्यावर उभे राहण्याचा ध्यास घेतला. प्रथम त्याने पिंपाच्या फळ्या वापरल्या, त्या बुडाल्या. मग बर्फावर घसरण्याच्या पट्ट्या, त्याही बुडाल्या. अखेर पाइन वृक्षाच्या आठ फूट लांब व नऊ इंच रुंद फळ्या घेऊन, त्यांची टोके उकळत्या पाण्यात मऊ करून त्याने वर वाकविली. तरीही तो पडतच राहिला. २ जुलै रोजी अंग मागे झुकवून फळ्यांची टोके पाण्याबाहेर ठेवताच तो उभा राहिला. या युक्तीचे हक्क त्याने नोंदविले नाहीत. १९२५ साली तशा पट्ट्यांचे पेटंट फ्रेड वॉलर या दुसऱ्याच गृहस्थास मिळाले. मूळ पुरुषाची अधिकृत ओळख पटण्यास १९६६ साल उजाडले.

पुढे दोन फळ्यांची एक झाली. एकाच फळीवर दोन्ही पाय मागे-पुढे ठेवून, सहा तरंगत्या खुणांना वळसे घालीत नागमोडी जावयाचे, असा हा खेळ आहे. त्या फळीच्या टाचेखाली धातूचे लहान पाते असते. खेळाडू नवी फळी आणल्यावर ते पाते इंचाच्या हजारांशाच्या हिशेबाने पुढे-मागे सरकवून पाहतात. पाय अडकविण्याचा बंद किंचित पुढे घेतला की टोक पाण्यात अधिक रुतते, मागे घेतला की वर उचलते. एरंडेलाचा हात आणि हजारांशाचे माप यांत अंतर पुष्कळ आहे. पण चूक झाल्यास पडावयाचे ते सारखेच.

अमरावतीत वैद्य बंधूंनी, अंबादासपंत व अनंतराव यांनी, १९१४ साली जी संस्था उभारली, ती पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ या नावाने देशभर विख्यात झाली. गावकरी तिला हनुमान आखाडाच म्हणतात. हुतात्मा राजगुरूंनी तेथे व्यायामाचे शिक्षण घेतले. या संस्थेचे मोठे कार्य असे की, एका गुरूच्या हातापाशी अडकलेली विद्या तिने वर्गात आणली. उस्तादाकडे एक-दोन पट्टशिष्य असत, येथे रांगेने मुले शिकू लागली. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. पदकासाठी ती चढाओढ नव्हती. परंतु पारतंत्र्यातील एका जिल्ह्याच्या गावचे तरुण, आपले हुतूतू आणि आपला मल्लखांब घेऊन, जगाच्या खेळाडूंपुढे उभे राहिले, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती.

स्पर्धा सुरू झाल्यावर मापे बांधून घेणे भाग पडले. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९८१ साली उज्जैन येथे झाली आणि पहिली जागतिक स्पर्धा २०१९ च्या फेब्रुवारीत मुंबईस. खांबाची उंची, घेर, मानेची लांबी हे सारे आता नियमात आले आहे. एरंडेलाचे प्रमाण मात्र आजही हात फिरवूनच ठरते.