एक लठ्ठ मेंढी आणि गुलाबी वाळू

अँटिग्वा म्हटले की आपल्याकडच्या चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाला व्हिव्ह रिचर्ड्स आठवतो. त्याच देशाचे दुसरे अर्धे नाव मात्र कुणाच्या तोंडी नसते. देशाचे पूर्ण नाव अँटिग्वा आणि बार्बुडा. अँटिग्वाहून फेरीबोटीने दीड तासाच्या अंतरावर, उत्तरेला, हे बार्बुडा आहे. क्षेत्रफळ सुमारे १६० चौरस किलोमीटर, गाव एकच, त्याचे नाव कॉड्रिंग्टन, आणि वस्ती आपल्या एखाद्या मध्यम वाड्याएवढी, दोन हजारांच्या आतली. पश्चिमेला खाजण आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूची लांबच लांब पट्टी आहे. तिला सतरा मैलांचा किनारा म्हणतात. शिंपल्यांच्या आणि सूक्ष्म सागरी जीवांच्या चुऱ्यामुळे वाळूला गुलाबी झाक येते. तासभर चालले तरी माणूस भेटत नाही, असे जाऊन आलेले लिहितात. कारकुनाच्या पगारात मला ते पडताळून पाहता येणार नाही. पण असा किनारा इतकी शतके रिकामा कसा राहिला, हा प्रश्न घरबसल्याही सोडवता येतो. जुन्या फायली चाळण्याची सवय असली म्हणजे झाले.

१६८५ साली इंग्लंडच्या राजसत्तेने हे बेट क्रिस्टोफर आणि जॉन या कॉड्रिंग्टन बंधूंना भाडेपट्ट्याने दिले. अख्खे बेट! पुढे पट्टा वाढवून मिळाला तेव्हा भाडे काय, तर मागितल्यास वर्षाला एक लठ्ठ मेंढी. (कुठे मेंढीऐवजी डुक्कर लिहिलेले आढळते. सरकारी महसुलाच्या दृष्टीने फरक थोडाच.) एवढ्यावर या घराण्याने १८७० पर्यंत बेट आपल्याकडे ठेवले. आपल्या भाषेत सांगायचे तर भाटकार एकच, आणि बाकीचे सगळे मुंडकारही नव्हेत, तर गुलाम.

इथे जमिनीने एक चमत्कार केला. बार्बुडा म्हणजे चुनखडीचा सपाट पट्टा. माती पातळ, पाऊस कमी. ऊस होईना. कॅरिबियनमध्ये ऊस नाही म्हणजे गुलामांच्या रांगा लावून पिळवणूक करणारा मळाही नाही. कॉड्रिंग्टनांनी मग बेटाचा उपयोग अँटिग्वातल्या आपल्या मळ्यांना मांस, कातडी, लाकूड आणि धान्य पुरवण्यासाठी केला. खडकांवर आपटून फुटलेल्या जहाजांतला मालही हाती लागे. इथली माणसे गुरे राखत, मासे मारीत, शिकार करीत आणि स्वतःचे अन्न स्वतः पिकवीत. धिप्पाड गुलामांची 'पैदास' करण्यासाठी हे बेट राखले होते, अशी एक दंतकथा फार काळ चालली. १९७७ साली लोवेंथाल आणि क्लार्क या अभ्यासकांनी कागदपत्रे तपासून ती खोडून काढली. तरी ती अजून छापली जातेच. सनसनाटी गोष्टीला मरण नसते.

१८३४ साली गुलामगिरी संपली तेव्हा इथे सुमारे पाचशे माणसे होती. मालक गावात राहत नव्हता, जमीन कुंपणाशिवाय पडलेली. लोकांनी ती वाटून घेतली नाही. यंदा इथे पिकवायचे, चार वर्षांनी ती जमीन सोडून दुसरीकडे जायचे, गुरे सगळीकडे मोकळी. घराला जागा लागली की गावाने द्यायची. कोमुनिदादच्या जमिनींचे व्यवहार ज्याने पाहिले आहेत अशा गोंयकाराला ही पद्धत लगेच कळेल. फरक एवढाच की आपल्या गांवकरीची नोंद अफोन्सो मेशियाच्या १५२६ च्या फोरालमध्ये झाली. बार्बुडाची वहिवाट मात्र कुठल्याच वहीत नव्हती. १९०४ च्या वटहुकमाने उलट जमीन राजसत्तेची आणि रहिवासी तिचे कुळ, असे ठरवून टाकले. कागदावर एक आणि जमिनीवर दुसरे, हे आमच्या खात्यात रोजचेच.

वहिवाट कागदावर यायला २००७ साल उजाडले. त्या वर्षीच्या कायद्याने बार्बुडाची सारी जमीन बार्बुडावासीयांच्या सामायिक मालकीची ठरली. विकायची नाही, आणि मोठ्या प्रकल्पाला लोकांची संमती हवी. तोवर श्रीमंतांना या वाळूचा शोध लागला होताच. नव्वदच्या दशकात इथल्या के क्लब या हॉटेलात राजकन्या डायना येऊन राहायची. हॉटेल २००४ मध्ये बंद पडले, पण २०११ मध्ये जवळच्या किनाऱ्याला तिचे नाव देण्यात आले. २०१५ साली नट रॉबर्ट डी नीरो यांच्या भागीदारीतल्या प्रकल्पासाठी संसदेने वेगळा कायदा केला.

६ सप्टेंबर २०१७ रोजी इर्मा वादळ बेटावरून गेले. बहुतेक सारी घरे मोडली, एक लहान मूल दगावले, आणि दुसरे वादळ येत आहे म्हणून सगळ्यांना अँटिग्वाला हलवण्यात आले. तीनशे वर्षांत पहिल्यांदाच बेट निर्मनुष्य झाले. त्या पोकळीतच नव्या विमानतळासाठी झाडी साफ करणारी यंत्रे सुरू झाली. लोक परतण्याआधीच २००७ चा कायदा मोडीत काढायला सुरुवात झाली. नाममात्र एक डॉलर भरून घराची जागा मालकीची करून घ्या, असे सरकार म्हणू लागले. एक डॉलर! लठ्ठ मेंढीही याहून महाग पडली असती.

लोक कोर्टात गेले. हा देश १९८१ मध्ये स्वतंत्र झाला तरी शेवटचे अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडेच जाते. २०२२ मध्ये तिथे निकाल लागला, की हा सामायिक हक्क म्हणजे राज्यघटनेने संरक्षण दिलेली मालमत्ता नव्हे. मला हा निकाल कायद्याने बरोबर असेलही असे वाटते, पण पचत नाही. पाऊणदोनशे वर्षांची वहिवाट एका व्याख्येत बसली नाही म्हणून गेली. २०२४ च्या फेब्रुवारीत मात्र त्याच न्यायासनाने विमानतळाच्या परवानगीला आव्हान देण्याचा हक्क दोन रहिवाशांना आहे असे सांगितले. तोवर धावपट्टी तयार झाली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात विमानतळ सुरू झाला.

इर्माने वाळूची ती पट्टीही फोडली होती आणि समुद्र खाजणात घुसला. खाजणातल्या कांदळवनात फ्रिगेट पक्ष्यांची मोठी वसाहत आहे. नराच्या गळ्याला लाल फुगा असतो. वादळात पक्षी उडून गेले होते, पण ते माणसांच्या आधी परतले.

कॉड्रिंग्टन घराण्यातल्या एकाने १७१० साली ऑक्सफर्डच्या ऑल सोल्स कॉलेजला ग्रंथालयासाठी दहा हजार पौंड ठेवले होते. तीन शतके ते कॉड्रिंग्टन ग्रंथालय म्हणून ओळखले जाई. २०२० मध्ये कॉलेजने ते नाव वापरणे सोडले. बार्बुडातल्या एकमेव गावाचे नाव अजून कॉड्रिंग्टनच आहे.