सूर्यास्ताचा तांबडा रंग आणि आंधळी काच

इथे कॅलिफोर्नियात पॅसिफिकच्या किनाऱ्यावर कुठेही जा, सूर्य बुडायच्या वेळी मंडळी फोन उंच धरून उभी असतात. मीही त्यांतलाच एक. पण ह्या हौसेचा इतिहास चाळताना एक गंमत लक्षात आली. छायाचित्रणाची पहिली साठेक वर्षे सूर्यास्ताचा मुख्य रंग कॅमेऱ्याला जवळजवळ दिसतच नव्हता!

सूर्य क्षितिजाला टेकतो तेव्हा त्याच्या किरणांना माथ्यावरच्या सूर्यापेक्षा सुमारे ३८ पट जास्त हवेतून यावे लागते. वाटेत निळा प्रकाश विखुरतो आणि आपल्यापर्यंत पोचतो तो तांबडा-नारिंगी. आता त्या काळच्या काचेवरचे चांदीचे क्षार बघा. त्यांच्यावर निळ्या-जांभळ्या प्रकाशाचा परिणाम होई, तांबड्याचा जवळजवळ नाहीच. म्हणजे निसर्ग जे शिल्लक ठेवी, नेमके तेच काचेला दिसत नसे.

फ्रान्सच्या ग्युस्ताव्ह ल ग्रे ह्याने १८५६ च्या सुमारास समुद्राची चित्रे घ्यायला सुरुवात केली. हा मुळात चित्रकलेत तयार झालेला माणूस. त्याचे 'ब्रिग' हे जहाजाचे चित्र १८५६ साली लंडनच्या प्रदर्शनात गाजले. लोकांना ते चांदण्यातले वाटले, प्रत्यक्षात ते दिवसाढवळ्या सूर्याच्या दिशेने घेतलेले होते. एरवी अडचण अशी की, समुद्र नीट उमटावा इतका वेळ काच उघडी ठेवली तर आकाश पांढरेफटक होई. मग ल ग्रे काही चित्रांत आकाशाची एक काच आणि समुद्राची दुसरी घेऊन क्षितिजावर जोड देई. एकच आकाश त्याने वेगवेगळ्या समुद्रांवर वापरलेले आढळते. आजच्या भाषेत चक्क फोटोशॉप!

पुढे २७ ऑगस्ट १८८३ ला क्राकाताऊ ज्वालामुखी फुटला आणि त्याची धूळ जगभर पसरली. कित्येक महिने संध्याकाळी आकाश पेटल्यासारखे दिसे. न्यूयॉर्क राज्यात तर नोव्हेंबरात आग लागली समजून बंब धावले. एव्हाना कॅमेरे वेगवान झाले होते, पण तांबड्याच्या बाबतीत आंधळेच. लंडनमध्ये थेम्सकाठी विल्यम ॲस्क्रॉफ्ट हा चित्रकार रंगीत खडू घेऊन बसला आणि त्याने पाचशेहून जास्त झटपट चित्रे काढली. रॉयल सोसायटीच्या १८८८ च्या अहवालात त्यांतलीच काही छापली आहेत. त्या आकाशाचा रंग आज आपल्याला कळतो तो कॅमेऱ्यामुळे नव्हे, खडूंमुळे.

काचेला दृष्टी दिली ती रसायनशास्त्राने. बर्लिनच्या हेर्मान फोगेल ह्याने १८७३ साली दाखवले की, लेपात योग्य रंगद्रव्य मिसळले की काच हिरव्या-पिवळ्या प्रकाशालाही दाद देते. तांबडाही टिपणाऱ्या काचा बाजारात यायला १९०६ साल उजाडले. लगेच १९०७ मध्ये ल्युमिएर बंधूंचा रंगीत 'ऑटोक्रोम' आला. त्यात बटाट्याच्या स्टार्चचे रंगवलेले कण गाळणीसारखे वापरले होते, बरं का! आपल्या डिजिटल कॅमेऱ्यातली लाल-हिरव्या-निळ्या चौकटींची जाळी (कोडॅकच्या ब्राइस बायरचे पेटंट, १९७६) तत्त्वतः त्याचीच नातवंडे.

मग प्रश्न सुटला का? ९ सप्टेंबर २०२० ला वणव्यांच्या धुराने सॅन फ्रान्सिस्कोचे आकाश भर दिवसा नारिंगी झाले. लोकांनी फोन काढले, तर कित्येकांच्या फोटोत ते मळकट राखाडी! सेन्सरला तांबडा दिसत होता, पण व्हाइट बॅलन्सच्या प्रोग्रामने 'इतका नारिंगी उजेड असणे शक्य नाही' असे ठरवून रंग धुऊन टाकला. १८८३ साली काच आंधळी होती. २०२० साली डोळे होते, पण त्या आज्ञावलीचा त्यांच्यावर विश्वास नव्हता.

वरवर ही किरकोळ गोष्ट वाटेल. पण उद्या कुणी 'त्या दिवशी आकाश खरेच तसे होते का?' असे विचारले तर पुरावा म्हणून हेच फोटो पुढे येणार. तेव्हा किनाऱ्यावर जाल तेव्हा व्हाइट बॅलन्स 'ऑटो'वरून काढून 'डेलाइट'वर ठेवा. आणि फोटोखाली दोन ओळींत दिसलेला रंगही लिहून ठेवा. ॲस्क्रॉफ्टच्या खडूंइतके नाही, तरी काहीतरी उरेल.