मोगली एरंडाची गोष्ट

तुमच्या शेताच्या कुंपणाला मोगली एरंड असेलच. गुरे त्याला तोंड लावीत नाहीत, म्हणून तर तो कुंपणाला. पोरे त्याच्या चिकाचे बुडबुडे उडवितात. गुरुजी, लहानपणी तुम्हीही उडविले असतील. बिया खाल्ल्या तर मात्र उलट्यांनी जीव हैराण होतो. मुलांना हे जरूर सांगावे.

त्या बियांत शेकडा ३० ते ३५ भाग तेल असते. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने सुचविले, की हे झाड पडीक जमिनीवर लावावे व तेलाचे डिझेल करावे. अन्नाच्या शेतीला धक्का नाही आणि परदेशी तेलाचा पैसाही वाचेल, असा बेत. २००९ च्या धोरणाने २०१७ पर्यंत शेकडा २० मिश्रणाचे लक्ष्य ठेवले. ते साल उजाडले, तेव्हा डिझेलमध्ये असल्या तेलाचा वाटा शेकडा एकदेखील नव्हता.

असे का झाले? झाड कमी पाण्यावर जगते खरे, पण जगणे निराळे आणि फळणे निराळे. भरघोस बी हवे तर चांगली जमीन, खत, पाणी हवे. म्हणजे ज्वारी-बाजरीचीच जागा. आणि कागदावरचे ‘पडीक’ खरोखर पडीक कुठे असते? तिथे शेळ्या चरतात, बाया सरपण वेचतात. तिथे मोगली एरंड लावला, तर शेळ्यांनी खायचे काय?

पुढे भर आला उसावर नि धान्यावर. पेट्रोलमध्ये २०१४ साली जेमतेम शेकडा दीड इथेनॉल होते, ते २०२५ साली २० वर गेले. कारखान्यांच्या हाती पैसा लवकर आला, उसाची बिले देणे सोपे झाले. हा लाभ नाकारू नये. पण २०२३ आठवा. १९०१ पासून इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. साखर पुरावी म्हणून ७ डिसेंबरला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास मनाई केली; आठच दिवसांत थोडी सूट द्यावी लागली. मग ओढ मक्याकडे. एरवी मका बाहेर विकणारा आपला देश २०२४ साली मका विकत घेऊ लागला, आणि कोंबड्यांचे खाद्य महागले.

गुरुजी, वर्गात एक हिशेब घाला. एका क्विंटल मक्याचे साधारण ३८ लिटर इथेनॉल निघते. तेवढ्यावर मोटारसायकल किती गावे हिंडेल, आणि तोच क्विंटल घरच्या माणसांना नि कोंबड्यांना किती दिवस पुरेल?