अनियमित क्रियापदांचा नियम

सिंग-सँग-संग, ड्रिंक-ड्रँक-ड्रंक ही यादी आपण शाळेत पाढ्यांसारखी घोकतो. नियम नाही, म्हणून पाठ करा! माझे डच सहकारी मात्र सांगतात, की ही यादी त्यांना फारशी जड गेली नाही. कारण डचमध्ये 'झिंगन-झोंग-खेझोंगन' आणि 'ड्रिंकन-ड्रोंक-खेड्रोंकन' आहेतच. इंग्रजी आणि डच एकाच जर्मानिक घराण्यातल्या. चुली वेगळ्या झाल्या तरी भांडी तीच.

'थिंक-थॉट' घ्या. त्या स्पेलिंगमधला 'जीएच' आपल्याला छळतो. डचमध्ये 'डेंकन-डाख्त'. तो 'ख' डच मंडळी अजून घशातून खणखणीत काढतात. इंग्रजीत आवाज गेला, अक्षरं तेवढी उरली.

गंमत म्हणजे या गोंधळात नियम आहे हे दाखवलं तेही एका डच माणसानंच. गॉथिक ही जर्मानिक घराण्यातली फार जुनी, आता मेलेली भाषा. चौथ्या शतकात तिच्यात बायबलचं भाषांतर झालं होतं. त्यातला उरलेला भाग फ्रान्सिस्कस युनियसनं १६६५ साली डॉर्ड्रेख्टला छापला. अ‍ॅमस्टरडॅमच्या लाम्बर्ट टेन काटनं ही गॉथिक डचशी ताडून पाहिली आणि १७१० साली मांडलं, की स्वर बदलणारी क्रियापदं अपवाद नाहीत, ती ठरावीक गटांत बसतात. १७२३ साली दोन खंडांचा मोठा ग्रंथ लिहून त्यानं हा अभ्यास आणखी वाढवला. पुढे १८१९ मध्ये याकोब ग्रिमनं अशा क्रियापदांना 'बलवान' आणि 'एड'सारखा प्रत्यय घेणाऱ्यांना 'दुर्बळ' म्हटलं. नाव ग्रिमचं झालं, पण वाट टेन काटची होती.

मग डच माणूस अडखळतो कुठे? एक, जिथे इंग्रजीनं जुनी रीत सोडली तिथे. डचमध्ये 'क्लिमन-क्लोम', 'हेल्पन-हील्प'. इंग्रजीत मात्र साधं 'क्लाइम्ड' आणि 'हेल्प्ड'. दोन, काळांमध्ये. 'मी त्याला काल पाहिलंय' हे डचमध्ये बिनदिक्कत चालतं. इंग्रजीत 'येस्टरडे'बरोबर 'हॅव सीन' चालत नाही. 'मी इथे पाच वर्षं राहतोय' हे डच माणूस आपल्यासारखंच वर्तमानकाळात सांगतो, इंग्रजीला तिथे 'हॅव लिव्हड' लागतं. या बाबतीत डच आणि मराठी विद्यार्थी एकाच बाकावर!

आणि 'अनियमित' म्हणून इंग्रजीला नावं ठेवण्याआधी स्वतःच्या घरात पाहा. बसणे-बसला, पण करणे-केला आणि जाणे-गेला. 'केला'मागे संस्कृत 'कृत' आहे, 'गेला'मागे 'गत'. रोज तोंडात असणारे शब्द जुनं रूप सहजासहजी सोडत नाहीत, कारण प्रत्येक पिढीतलं मूल ते घरातच इतक्या वेळा ऐकतं, की त्याला नियमाची गरजच पडत नाही.

म्हणून ही यादी मुलांना ए-बी-सी-डीच्या क्रमानं देऊ नये असं मला वाटतं. सिंग, रिंग, ड्रिंक, स्विम एकत्र ठेवा, ब्रिंग आणि थिंक वेगळे ठेवा. घोकंपट्टी अर्धी होईल, आणि भाषेत उगाच काही नसतं हेही कळेल.