ब्युटेनॉलमधली गाय

ब्युटेनॉल हा रंग-लॅकरच्या धंद्यातला विद्रावक, पण त्याच्या नावात एक गाय आहे. ग्रीक लोक लोण्याला ‘बूट्युरॉन’ म्हणत. त्यातला ‘बूस’ म्हणजे गाय आणि ‘ट्युरॉस’ म्हणजे चीज. हा ‘बूस’ आणि आपला संस्कृत ‘गो’ एकाच मुळातले. लॅटिनमध्ये त्याचं ‘ब्युटिरम’ झालं, इंग्रजीत ‘बटर’. लोणी खवट झालं की जे आम्ल नाकात भरतं, त्याला फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल यांच्या काळात ‘ब्युटिरिक’ नाव मिळालं आणि त्यावरूनच चार कार्बनांची साखळी ‘ब्युटिल’ झाली. शेवटचा ‘ऑल’ अल्कोहोलचा, म्हणजे अरबी ‘अल्-कुह्ल’चा. मूळ अर्थ सुरमा!

ॲसिटोनचं कूळ तसं सरळ आहे. लॅटिन ‘ॲसिटम’ म्हणजे व्हिनेगर, आणि व्हिनेगरमधल्या आम्लाचे क्षार तापवूनच पूर्वी ॲसिटोन काढत.

गंमत अशी, की मातीत राहणारा एक जिवाणू हीच वंशावळ रोज गिरवतो. पिष्ट किंवा साखर मिळाली, की हवेविना तो आधी व्हिनेगरचं आणि लोण्याचं अशी दोन्ही आम्लं तयार करतो. आंबटपणा फार वाढला, की तीच परत आत घेऊन ॲसिटोन आणि ब्युटेनॉल बाहेर टाकतो. सोबत थोडं इथेनॉलही निघतं. त्याचं नाव क्लॉस्ट्रिडियम ॲसिटोब्युटिलिकम. ग्रीक ‘क्लोस्टर’ म्हणजे चाती. बीजाणू धरताना या दांडीसारख्या जिवाणूला तसाच फुगवटा येतो.

मँचेस्टरचे रसायनशास्त्रज्ञ खाइम वाइझमन कृत्रिम रबरासाठी ब्युटेनॉलच्या मागे होते, आणि त्यातच हा जिवाणू त्यांच्या हाती लागला. पहिल्या महायुद्धात ब्रिटनला कॉर्डाइट या स्फोटकासाठी ॲसिटोनची चणचण भासली आणि त्यांचा जिवाणू मक्यावर कामाला लागला. धान्याचा तुटवडा पडू लागला तेव्हा, १९१७ साली, शाळकरी मुलांनी हॉर्स चेस्टनटची फळं वेचून दिली. या किण्वनात ब्युटेनॉल ॲसिटोनच्या साधारण दुप्पट निघतं. पण युद्धात त्याला फारसं गिऱ्हाईक नव्हतं. शांतता झाली, मोटारी वाढल्या, त्यांच्या झटपट सुकणाऱ्या लॅकरला ब्युटेनॉल लागू लागलं आणि भाव पालटले. १९२६ साली जिवाणूचं बारसं झालं, तेव्हा ब्युटेनॉल बाजारात पुढे होतं. नावात मात्र पहिला मान ॲसिटोनलाच मिळाला, आणि इथेनॉलला तर जागाच नाही.